देवाचं राज्य आलंय की यायचंय? घरच्या बायबल स्टडीत हा विषय कसा घ्यायचा

दर रविवारी आपण सगळे एका सुरात म्हणतो ‘तुझे राज्य येवो’, आणि त्याच उपासनेत थोड्या वेळाने गाण्यात म्हणतो की प्रभू राज्य करतो. मग तरुण संघातलं एखादं पोरगं विचारतं, तो राज्य करतोय तर ‘येवो’ कशाला म्हणायचं? त्याला ‘असले प्रश्न विचारायचे नसतात’ म्हणून गप्प बसवू नका प्लीज. प्रश्न अगदी बरोबर आहे, येशूच्या शिष्यांनाही हाच पडला होता, आणि याचं उत्तर नीट कळलं नाही तर पुढे आजारपणात, मयतात, नोकरी गेल्यावर माणसाचा विश्वास डळमळतो, म्हणून मला हा विषय फार जवळचा आहे.

खाली लिहितोय ते घरची प्रार्थनासभा, महिला मंडळ, तरुण संघ कुठेही वापरता येईल. पाळक असायची गरज नाही. बायबल, वही आणि दोन रंगांची पेनं एवढं पुरे, आणि तीन-चार बैठका ठेवा, एका बैठकीत कोंबायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही.

सुरुवात प्रकटीकरणापासून करू नका. लोक हमखास म्हणतील की आधी शेवटच्या काळाचं घ्या, ख्रिस्तविरोधकाचं घ्या, सहाशे सहासष्टचं घ्या. नाही. आधी मार्क, मत्तय, लूक. येशूने स्वतः राज्याबद्दल काय सांगितलं ते पक्कं झालं की प्रकटीकरण वाचायला सोपं जातं, उलट क्रमाने गेलं की नुसते वाद होतात.

पहिल्या बैठकीत थोडी पार्श्वभूमी द्या, पण पंधरा मिनिटांच्या वर नको. इ.स.पू. ६३ मध्ये रोमी सेनापती पाँपेने यरुशलेम घेतलं तेव्हापासून यहूदी लोक रोमच्या टाचेखाली होते. त्यांच्याकडे दानीएलाचा ग्रंथ होता, त्याच्या दुसऱ्या अध्यायात असं राज्य येणार आहे की जे कधी मोडणार नाही, आणि सातव्या अध्यायात मनुष्याच्या पुत्रासारखा कोणी आकाशातल्या मेघांसह येतो आणि त्याला सगळ्या राष्ट्रांवर सत्ता मिळते. त्यांचा हिशोब सरळ होता: आताचं युग वाईट आहे, मग देव येईल, एका झटक्यात हे युग संपेल आणि येणारं युग सुरू होईल, मेलेले उठतील, दुष्टांचा न्याय होईल, रोम जाईल. काहींना एवढीही वाट बघवली नाही, गालीलकर यहूदाने नावनिशीच्या (म्हणजे जनगणनेच्या) वेळी बंड केलं आणि तो मारला गेला, त्याचा उल्लेख प्रेषित ५:३७ मध्ये आहे. या वातावरणात येशू गालीलात येऊन म्हणतो की काळ पूर्ण झालाय, देवाचं राज्य जवळ आलंय (मार्क १:१५). ऐकणाऱ्यांच्या पोटात काय कालवलं असेल याची कल्पना करायला लावा सगळ्यांना.

इथेच एक गोष्ट सांगून टाका. मत्तय ‘स्वर्गाचं राज्य’ म्हणतो आणि मार्क-लूक ‘देवाचं राज्य’ म्हणतात, पण गोष्ट एकच आहे, मत्तय १३:११ आणि मार्क ४:११ शेजारी ठेवून वाचा म्हणजे दिसेल. आपल्याकडे खूप जणांना वाटतं की स्वर्गाचं राज्य म्हणजे मेल्यावर जायची जागा. येशू जे सांगतोय ते म्हणजे देव राजा म्हणून येऊन कारभार हातात घेतोय, इथे, पृथ्वीवर, ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही’. हे एक क्लिअर झालं की अर्धा गोंधळ संपतो.

आता वहीचं काम. पानावर दोन रकाने करा, एक ‘आलंय’ आणि एक ‘यायचंय’. लूकचा १७ वा अध्याय २० व्या ओवीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचा आणि प्रत्येक ओवी कुठल्या रकान्यात जाते ते लोकांनाच ठरवू द्या. परुशी विचारतात राज्य कधी येणार, येशू म्हणतो ते असं डोळ्यांना दिसेल अशा रीतीने येत नाही, ते तुमच्यामध्ये आहे. झालं, ‘आलंय’. आणि लगेच पुढच्या ओवीपासून तो शिष्यांकडे वळून म्हणतो की असे दिवस येतील की मनुष्याच्या पुत्राचा एक दिवस बघायला तुम्ही तळमळाल, आणि मग वीज चमकावी तसा त्याचा दिवस येईल, नोहाच्या दिवसांत झालं तसं होईल. एकच अध्याय, एकच बोलणारा, एकच बसणं, आणि दोन्ही रकाने भरले. लोकांना हे स्वतःच्या हाताने लिहून बघितल्यावर जे कळतं ते आपण तासभर बोलूनही कळत नाही, म्हणून घाई करू नका, उत्तरं तुम्ही देऊ नका.

मग घरी भरायला ओव्या द्या. लूक ११:२०, येशू म्हणतो मी देवाच्या बोटाने भुतं काढतोय तर देवाचं राज्य तुमच्यावर आलेलंच आहे. मार्क १४:२५, शेवटच्या भोजनाच्या वेळी तो म्हणतो देवाच्या राज्यात नवा द्राक्षारस पिईन त्या दिवसापर्यंत मी हा पिणार नाही. कलस्सै १:१३, देवाने आपल्याला अंधाराच्या सत्तेतून काढून पुत्राच्या राज्यात आणून ठेवलंय, ‘ठेवील’ नाही. १ करिंथ १५:२४ ते २६, शेवटी तो राज्य पित्याला सोपून देईल आणि शेवटचा शत्रू मरण नाहीसा केला जाईल. रोमकरांस १४:१७, प्रकटीकरण ११:१५, मत्तय २५:३४. काही ओव्यांवरून भांडण होईल की ही नेमकी कुठे घालायची, होऊ द्या, त्या ओव्या दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेषेवर लिहा.

दुसऱ्या बैठकीत दोनच उतारे घ्या पण खोलात जा.

पहिला नासरेथचा, लूक ४:१६ ते २१. येशू सभास्थानात उभा राहतो, त्याला यशयाची गुंडाळी देतात, तो ६१ वा अध्याय काढून वाचतो, गरिबांना सुवार्ता, कैद्यांची सुटका, आंधळ्यांना दृष्टी, परमेश्वराच्या प्रसादाचं वर्ष, आणि गुंडाळी मिटवून खाली बसतो. आता सगळ्यांना यशया ६१:२ उघडायला सांगा. तिथे वाक्य संपलेलंच नाहीये, पुढे आहे ‘आणि आमच्या देवाचा सूड घेण्याचा दिवस’. येशू वाक्याच्या मध्यात थांबला. आणि म्हणाला, आज हा शास्त्रलेख तुमच्या कानी पडत असतानाच पूर्ण झालाय. जे वाचलं ते आज. जे वाचलं नाही, तो न्यायाचा दिवस, तो राहिलाय, रद्द झालेला नाही. संदेष्ट्याने जे एका दमात सांगितलं त्याचे दोन भाग पडले आणि आपण सगळे त्या मधल्या जागेत जगतोय. या विषयावर माझ्याकडे एकच उतारा घ्यायला वेळ असता तर मी हाच घेतला असता.

दुसरा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा, मत्तय ११:२ ते ६. योहानाने लोकांना सांगितलं होतं की कुऱ्हाड झाडांच्या मुळाशी ठेवलेलीच आहे, भूस न विझणाऱ्या अग्नीत जाळलं जाईल. आणि आता तो स्वतः हेरोद अंतिपाच्या तुरुंगात आहे, योसेफस हा यहूदी इतिहासकार म्हणतो की मृत समुद्राच्या पूर्वेला मखाइरस किल्ल्यात. तिथून तो निरोप पाठवतो, जो येणार तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहायची? त्याचा राग करू नका, त्याला अविश्वासू म्हणू नका, त्याचा प्रश्न सच्चा होता, राज्य आलं असेल तर मी अजून आत कसा? येशू म्हणतो, जे बघता ऐकता ते योहानाला सांगा, आंधळे पाहतात, पांगळे चालतात, मेलेले उठवले जातात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते, आणि जो माझ्यामुळे अडखळत नाही तो धन्य. यशयाच्या यादीत कैद्यांची सुटकाही आहे, पण येशूच्या या निरोपात ती नाही. योहान सुटला नाही. चौदाव्या अध्यायात त्याचं डोकं तबकात आलं. राज्य खरोखर आलेलं होतं आणि योहान खरोखर मेला, ही दोन्ही वाक्यं एकत्र धरता आली पाहिजेत. ग्रुपमध्ये कोणाचं उत्तर न मिळालेलं मोठं दुःख असेल तर इथे थोडं थांबा, बोलू द्या, लगेच ओवी काढून मलम लावू नका.

तिसऱ्या बैठकीला दृष्टांत. मत्तय १३ वा अध्याय सगळा आणि मार्क ४:२६ ते २९.

निदणाचा दृष्टांत शेती केलेल्या माणसाला सांगायला लावा. पॅलेस्टाईनमध्ये गव्हात जे तण यायचं ते कोवळं असताना हुबेहूब गव्हासारखं दिसतं, लोंबी धरल्यावरच फरक कळतो, आणि तोपर्यंत मुळं एकमेकांत गुंतलेली असतात, म्हणून मालक म्हणतो आत्ता खुरपू नका, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. लोकांची अपेक्षा होती की राजा आला की पहिल्याच दिवशी शेत साफ. येशू म्हणतो पेरणी झालीये, कापणी व्हायचीये. आणि येशूने स्वतः अर्थ सांगितलाय की शेत म्हणजे जग (१३:३८), त्यामुळे मंडळीत उघड अन्याय करणाऱ्याला काही बोलू नये असा अर्थ यातून काढू नका, मंडळीतल्या शिस्तीबद्दल १८ व्या अध्यायात वेगळं शिकवलंय.

मोहरी आणि खमीर पटकन होतात. फक्त एवढं दाखवा की यहेज्केल १७ मध्ये देव उंच डोंगरावर गंधसरू लावतो आणि सगळे पक्षी त्याच्या सावलीत येतात, आणि येशू तेच चित्र घेतो पण गंधसरूच्या जागी मोहरी. खमिराच्या दृष्टांतातली तीन मापं पीठ म्हणजे शंभरावर माणसांची भाकर होते, आणि हे सगळं त्या बाईने लपवलेल्या चिमूटभर खमिराने. दिसायला क्षुल्लक, पण सुरू झालेलं.

दहा मोहरांचा दृष्टांत मात्र सोडू नका, लूक १९:११. लूकने तो का सांगितला याचं कारणच दिलंय: येशू यरुशलेमजवळ आला होता आणि लोकांना वाटत होतं की राज्य आता लगेच प्रकट होणार. म्हणून एक उमराव राज्य मिळवायला दूर देशी जातो आणि चाकरांना सांगतो, मी येईपर्यंत यावर व्यापार करा. यरीहोच्या लोकांना ही गोष्ट ओळखीची वाटली असणार, इ.स.पू. ४ मध्ये थोरल्या हेरोदाचा मुलगा अर्खेलाव राज्य मागायला खरंच रोमला गेला होता आणि त्याच्या विरोधात यहूद्यांचं शिष्टमंडळही मागोमाग गेलं होतं. मधला काळ वाया घालवायचा नाहीये, कामाचा आहे, हे इथून घ्या.

आता हे सगळं जोडायचं कसं? पौलाकडे जा. इफिस १:१४ मध्ये पवित्र आत्म्याला ‘आपल्या वतनाचा विसार’ म्हटलंय. विसार म्हणजे आपण व्यवहारात म्हणतो तो इसार. जमिनीच्या व्यवहारात इसार दिला की तो खऱ्याच पैशाचा असतो, नुसतं आश्वासन नसतं, आणि तरी बाकीची रक्कम यायची असते, ताबा मिळायचा असतो. पवित्र आत्मा, पापांची क्षमा, बदललेलं जीवन, मंडळीतलं प्रेम, कधीकधी आजारातून मिळालेलं आरोग्य हे सगळं त्याच येणाऱ्या राज्यातलं, आगाऊ हातात आलेलं. १ करिंथ १५:२० मध्ये येशूला महानिद्रा घेणाऱ्यांतलं (म्हणजे मेलेल्यांतलं) प्रथमफळ म्हटलंय, पहिली पेंढी देवापुढे आली म्हणजे पीक तयार झालंय, बाकीचं शेत मागून येणार. यहूदी लोक पुनरुत्थान शेवटच्या दिवशी धरत होते, आणि ते एका माणसाच्या बाबतीत मध्येच, एका रविवारी सकाळी घडून गेलं. येणारं युग आत घुसलंय आणि जुनं युग अजून संपलेलं नाही.

विद्वानांनी यावर खूप वाद घातलाय, ग्रुपला दोन वाक्यांत सांगितलं तरी पुरे. योहानेस वाइस (१८९२) आणि आल्बर्ट श्वाइत्झर (१९०६) म्हणाले की येशूचं सगळं बोलणं भविष्यातल्या राज्याबद्दल आहे, ब्रिटनच्या सी. एच. डॉड यांनी १९३५ मध्ये उलट टोक धरलं की राज्य येशूच्या सेवेत येऊन गेलंच, आणि पुढे ऑस्कर कुलमान, जॉर्ज लॅड वगैरेंनी दोन्ही एकत्र धरायला शिकवलं. आज बहुतेक अभ्यासक हेच मानतात. तुमच्या वहीतले दोन रकाने तेच सांगतायत.

शेवटची बैठक जगण्यावर घ्या, आणि इथे हातचं राखू नका, कारण एक रकाना फाडून टाकला की काय होतं ते आपल्या आजूबाजूला रोज दिसतं.

‘यायचंय’ फाडला की माणूस म्हणायला लागतो, आपण राजाची मुलं, आपल्याला आजार कसला, कर्ज कसलं, बरं नाही वाटत म्हणजे तुझा विश्वास कमी. हे ऐकून औषधं बंद करणारी माणसं आहेत, कृपा करून हे शिकवू नका आणि कोणी शिकवत असेल तर प्रेमाने पण स्पष्ट अडवा. प्रेषितांचा १२ वा अध्याय वाचा: हेरोद अग्रिप्पाने याकोबाला तलवारीने मारलं, पेत्राला देवदूताने तुरुंगातून काढलं, मंडळी एकच, प्रभू एकच. याकोबाचा विश्वास पेत्रापेक्षा कमी होता असं लूक कुठेही म्हणत नाही. पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवलं (२ तीमथ्य ४:२०). पुनरुत्थान होऊन गेलंय असं सांगत फिरणारे हुमनाय आणि फिलेत त्याच काळात होते, पौलाने त्यांचं शिक्षण काळपुळीसारखं पसरतं असं म्हटलंय.

‘आलंय’ फाडला की दुसरा रोग. जग जळणारच आहे, मग झाडं कशाला लावायची, अन्यायाविरुद्ध कशाला बोलायचं, फक्त वर बघत बसायचं. थेस्सलनीकात काही जण काम सोडून बसले होते आणि पौलाने सांगितलं की ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. आपल्याच मातीतलं उदाहरण द्या, पंडिता रमाबाई. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठं आध्यात्मिक संजीवन झालं, रात्र रात्र प्रार्थना चालायच्या, आणि त्याच आवारात दुष्काळातून आणलेल्या मुली, विधवा, अंध बाया शिकत होत्या, विणत होत्या, छापखाना चालवत होत्या. प्रार्थना एकीकडे आणि विहीर खणणं एकीकडे असं रमाबाईंनी कधी केलं नाही.

आणि पंक्तीचा मुद्दा घ्याच. मत्तय ८:११, कफर्णहूमच्या रोमी शताधिपतीचा विश्वास बघून येशू म्हणतो की पूर्वेकडून पश्चिमेकडून पुष्कळ जण येतील आणि अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्या पंक्तीस बसतील. ती पंगत यायचीये. पण प्रभुभोजनाच्या मेजाशी ती आत्ताच सुरू झालीये, आपण ‘तो येईपर्यंत’ म्हणतो ना. मग महाराष्ट्रातल्या मंडळीत आजही लग्न जमवताना पूर्वीची जात विचारली जाते, हे कुठल्या राज्यातलं? रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला तेव्हा बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा ठेवली होती. ग्रुपला थेट विचारा, तुमच्या घरी जेवायला कोण येतं? शांतता पसरेल, पसरू द्या, विषय बदलू नका.

मयताच्या घरी जाताना हे दोन रकाने सगळ्यात जास्त कामी येतात. ‘रडू नका, तो प्रभूजवळ गेला’ असं म्हणून कोणाचे अश्रू थांबवू नका, लाजराच्या कबरेजवळ येशू रडला, पाच मिनिटांत त्याला उठवणार हे माहीत असूनही. मरण हा शत्रूच आहे, पौल त्याला शत्रू म्हणतो, फक्त शेवटचा. शत्रू म्हणून रडायचं आणि शेवटचा म्हणून आशा धरायची.

काही प्रश्न बाजूला ठेवावे लागतील. हजार वर्षांचं राज्य येशू येण्याआधी की नंतर, यावर देवभीरू माणसं शेकडो वर्षं वेगवेगळं मानत आलीयेत, प्रकटीकरण २० साठी वेगळी बैठक ठेवा. मार्क ९:१ मध्ये इथे उभे असलेल्यांपैकी काही जण राज्य सामर्थ्याने आलेलं बघेपर्यंत मरणार नाहीत असं आहे, ते कोणी विचारलं तर सांगा की कोणी रूपांतराकडे (डोंगरावर येशूचं रूप तेजस्वी झालं त्याकडे) बोट दाखवतात, ते लगेच पुढच्या ओवीत आहे, कोणी पुनरुत्थान आणि पवित्र आत्मा उतरला त्या पन्नासाव्या दिवसाकडे, तर कोणी ७० सालच्या यरुशलेमच्या नाशाकडे. मला स्वतःला रूपांतर जास्त पटतं. आणि तारखा, नाही म्हणजे नाही. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या हजारो अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ला येशू परत येईल म्हणून वाट बघितली आणि दुसऱ्या दिवशी कितीकांचं मन मोडलं. व्हॉट्सअॅपवर भूकंप आणि ग्रहणाचे व्हिडिओ टाकून तारीख सांगणाऱ्याला प्रेषित १:७ पाठवा, काळ-समय जाणणं तुमच्याकडे नाही, आणि त्याच्याच पुढची ओवीही पाठवा, तुम्ही माझे साक्षी व्हाल.

बैठक संपवताना प्रभूची प्रार्थना घ्या, पण एका दमात नको. ‘तुझे राज्य येवो’ म्हणा आणि थांबा, प्रत्येकाने एक नाव किंवा एक जागा मोठ्याने बोलावी जिथे राज्य यायला हवंय, वॉर्डातला पेशंट, दारू प्यायलेला भाऊ, गावातला पाण्याचा प्रश्न, सासरी छळ होणारी मुलगी. ज्याचं नाव घेतलं त्याच्यासाठी या आठवड्यात आपण काय करू शकतो ते लगेच ठरवा, कोण दवाखान्यात जाणार, कोण त्या मुलीला फोन करणार, आणि ते त्याच वहीत मधल्या रेषेवर, कोण करणार त्याच्या नावासकट लिहून ठेवा. पुढच्या बैठकीत आधी ती वही उघडायची.